शोकेसमधून ओट्यावर

हो, मीच बोलतोय. इकडेतिकडे काय बघताय? ओट्यावर लिंबं भरलेला काचेचा बाऊल दिसतोय ना, काठाला जरासा टवका गेलेला? तोच मी. टवक्याकडे टक लावून बघू नका. तो माझा अपघात नाही, अभिमान आहे. कसा ते सांगतो.

माझा जन्म फिरोजाबादच्या भट्टीतला. तिथून गवतात गुंडाळून मुंबईला आलो आणि एकाहत्तर साली महिपतराव आणि मनोरमाबाई यांच्या लग्नात आहेर म्हणून मिळालो. मनोरमाबाईंनी मला दोन्ही हातांनी उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "अगोबाई, फुटेल हो!" माझं आयुष्य त्या एका शब्दाने ठरवलं. काहीही ठेवायचं म्हटलं की फुटेल. पाहुणे आले, काढू का? नको, फुटेल. चौऱ्याऐंशी साली लालबागची खोली सोडून मंडळी भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या गल्लीत राहायला आली, तेव्हा मी बाईंच्या मांडीवर बसून आलो. पोटचा अमोल सात वर्षांचा, तो मात्र टेम्पोत गाद्यांवर.

नव्या घरात शोकेस झाली. सरकती काच, तिला बारकं कुलूप. आत मी, एक प्लास्टिकचा गुलाब आणि मान हलवणारी बाहुली. लग्नापासूनच्या पस्तीस वर्षांत माझ्यात चमचाभर आमटीसुद्धा पडली नाही. बुडाला चिकटवलेलं दुकानाचं लेबलही तसंच होतं. मान मोठा होता, नाही असं नाही. पण पोट रिकामं ठेवून मिळालेला मान किती दिवस पुरणार?

करमणूक एकच. स्वयंपाकघराला दार नव्हतं, पडदा होता, आणि तो कायम वर खोचलेला. त्यामुळे मनोरमाबाईंचा संसार मला बसल्या जागी दिसायचा. बाईंचं एक होतं, रिकामा डबा म्हणून टाकायचा नाही. चहाच्या डब्यात हळकुंडं, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सुकट, बेबी पावडरीच्या डब्यात ओवा. कुठल्या डब्यात काय, हे जगात दोघांनाच माहीत. एक त्या, दुसरा मी.

मग दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात अमोलचं लग्न झालं आणि निशिगंधा घरात आली. परळची, मीरा रोडला एका ऑफिसात नोकरीला, बोलकी. पहिल्याच दिवशी पदर खोचून ओट्याशी गेली. मनोरमाबाई म्हणाल्या, "राहू दे गं, तू बस. दमली असशील." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रागावून नाही हो, अगदी गोड आवाजात. पोरीला कांदा चिरायला मिळायचा, कोथिंबीर निवडायला मिळायची. फोडणी मात्र नाही. आम्हा दोघांची अवस्था सारखीच होती, दोघंही शोभेला. मला तिची फार कणव यायची.

पाच महिन्यांनी, एका संध्याकाळी सासू-सासरे देवळात गेले असताना, ती माझ्यासमोरच्या दिवाणावर बसून अमोलला म्हणाली, "मी या घरात पाहुणी आहे का रे?"

"आईला थोडा वेळ दे ना."

"पाच महिने दिला. हाटकेशला ती भाड्याची जागा बघितली होती ना, तिचा एजंट?"

अमोलने नाराजीनेच खिशातून कागद काढला. तिने नंबर वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. "गुरुवारी आईंना साठ पूर्ण होतायत. एकदा शेवटचं करून बघते. त्यांच्यासाठी मी माझ्या हाताने काहीतरी करणार. नाहीच जमलं तर रविवारी फोन लाव."

माझ्या काचेत कळ आली. हे घर दोन ठिकाणी होणार?

गुरुवार उजाडला. मनोरमाबाई चेणे गावी आतेबहिणीकडे बारशाला गेल्या. निशिगंधाने रजा टाकली होती. शेजारच्या हर्षिदाबेन दारातूनच सांगत होत्या, "देखो, ओवन का काम ही नहीं. दूध, शक्कर, कोको, थोडा कॉर्नफ्लोर, गॅस पे गाढा करो. फिर बिस्कुट कॉफी में डुबाके एक लेयर, उसपे चॉकलेट, उसपे मलाई. फिर से बिस्कुट. काच के बर्तन में करो, लेयर दिखना चाहिये. चार घंटा फ्रिज में, बस!"

"काचेच्या भांड्यात," निशिगंधा स्वतःशी पुटपुटली आणि वळून तिने थेट माझ्याकडे बघितलं.

कुलपाची किल्ली मनोरमाबाईंच्या कमरेला, म्हणजे चेण्याला. पण महिपतरावांनी पेपर बाजूला ठेवला, शोकेसची काच तळहातांनी जरा वर उचलली आणि ती अलगद बाहेर आली. "वीस वर्षं माहितीये मला," ते म्हणाले. "कुणी विचारलंच नाही."

मी बाहेर आलो! नळाखाली पस्तीस वर्षांची धूळ गेली, लेबल गेलं. गार पाण्याने अंगावर शहारे आले. पुसून ओट्यावर मांडला गेलो आणि तिथून बघतो तर काय, पोरीने फळीवरून कोकोचा डबा काढला! तो जुना, तांबड्या अक्षरांचा.

अहो, त्यात कोको नव्हता. कोको अमोल शाळेत असताना संपला. त्यात रत्नागिरीहून आलेलं नाचणीचं सत्त्व होतं, महिपतरावांच्या सकाळच्या आंबिलीचं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण काचेचा आवाज ऐकू येतो तो फुटल्यावरच, आणि फुटायची ही वेळ नव्हती.

"जुना असेल, रंग उडालाय," असं म्हणत तिने दोन चमचे जास्तच घातलं. दूध असं झरझर घट्ट झालं की ती खूश. चव घेणार कोण? तिचा गुरुवारचा उपास. महिपतराव वाटी घेऊन आले, तर, "बाबा, शुगर किती आलीय? अजिबात नाही!" ते नाक फुगवून म्हणाले, "वास मात्र ओळखीचा आहे हं." मग स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला. "सकाळचंच लागलंय वाटतं इथे."

मिश्रण निवल्यावर माझ्यात थर पडू लागले. बिस्किटं, त्यावर तपकिरी थर, त्यावर घोटलेली साय. पुन्हा बिस्किटं. वरून अमोलने आणलेलं चॉकलेट किसून पसरलं. फ्रिजमध्ये बसलो तेव्हा काय सांगू, भरल्या पोटाचं सुख पहिल्यांदा कळलं. आणि भीतीही पहिल्यांदा वाटली, कारण पोटात काय आहे ते मला माहीत होतं.

सातला मनोरमाबाई रिक्षातून उतरून वर आल्या. चप्पल काढता काढता नजर शोकेसकडे. गुलाब होता, बाहुली होती, मध्ये माझ्या बुडाएवढा स्वच्छ गोल. त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात निशिगंधाने मला दोन्ही हातांनी आणून समोर ठेवलं. "आई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. चॉकलेट पुडिंग आहे. मी केलंय."

मनोरमाबाईंनी मला नीट न्याहाळलं. बाहेरून सगळे थर दिसत होते, उभ्या आयुष्यात मी इतका देखणा कधी दिसलो नव्हतो. त्यांनी एक चमचा खाल्ला. थांबल्या. दुसरा खाल्ला.

अमोलने तोंडात घास धरूनच विचारलं, "निशी, यात चॉकलेट... खाली कुठे गेलं?"

उपास सोडून तिनेही चाखलं आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. धावत जाऊन तिने डबा आणला. "यावर कोको लिहिलंय की!"

"लिहिलंय ते कंपनीने," मनोरमाबाई म्हणाल्या. "भरलंय ते मी. नाचणी आहे ती."

महिपतराव हसले, अमोल हसला. निशिगंधा हसली नाही. डबा छातीशी धरून म्हणाली, "आई, पाच महिने झाले मला येऊन. या घरातल्या डब्यांत काय आहे, तेसुद्धा मला माहीत नाही."

मनोरमाबाईंनी चमचा खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या सासूने मला अकरा वर्षं सांगितलं नव्हतं. तेव्हा मी रडायचे." पदराला हात पुसून त्या उठल्या. "चल. कागद घे. मी एकदाच सांगणार."

निशिगंधाने पर्समध्ये हात घातला, हाताला लागला तो कागद काढला. स्टूलवर चढून बाई एकेक डबा उतरवत होत्या. "हा चहाचा, यात हळकुंडं. हा बेबी पावडरीचा, ओवा. नाक लावू नकोस यात, सुकट आहे." ती भराभर लिहीत होती. हाटकेशच्या एजंटचा नंबर खालच्या बाजूला होता. रविवारी त्याला फोन गेला नाही.

बाहेर महिपतराव माझ्याशी एकटेच होते. "नाचणीच आहे म्हणजे मला चालेल," असं मला सांगून त्यांनी मोठा डाव भरला. आतून आवाज आला, "साखर आहे हो त्यात!" तरी एक घास गेलाच.

त्याच रात्री मला घासताना निशिगंधाच्या हातून काठ नळाला लागला. टण्ण! मनोरमाबाईंनी टवक्यावरून अंगठा फिरवला. "तोंडाला लागलंय जरा. फुटला नाही ना? मग ठेव ओट्यावर, रोजचा वापरू."

दोन वर्षं झाली. मी शोकेसमध्ये परत गेलो नाही. रोज लिंबं, कधी कोशिंबीर, आणि दर वाढदिवसाला पुडिंग. आता त्यात अर्धा कोको, अर्धी नाचणी. पस्तीस वर्षांत जेवढं जगलो नाही तेवढं या दोन वर्षांत जगलो.

तुमच्याही शोकेसमध्ये माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला बाहेर काढा हो. फुटेल कदाचित, पण भरून तरी फुटेल.

तो कागद अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. काल मनोरमाबाईंनी मेतकूट नव्या डब्यात भरलं. झाकण लावायच्या आधी त्यांनी हाक मारली, "निशी, डबा बदलतेय गं. लिहून घे."