दाब सारखा होईपर्यंत

पडद्यावरची हिरवी फुली नेमकी मध्यावर नव्हती. किंचित डावीकडे होती, नखाच्या जाडीइतकी. यानाच्या नाकाशी बसवलेल्या कॅमेऱ्यातून अंतराळस्थानकाचं गोल तोंड दिसत होतं. फुली त्याच्या केंद्राकडे सरकत होती, पण सरकताना दिसत नव्हती. नजर काढून पुन्हा टाकली की जागा बदललेली असायची.

कोलशेतच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी बसून ऋजुता एका विज्ञानसंस्थेच्या वाहिनीसाठी या मोहिमेचं मराठीतून वर्णन करत होती. एरवी ती डोंबिवलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. समोर सोफ्यावर तिच्या सासूबाई, हेमाताई, परातीत मेथी निवडत बसल्या होत्या.

हेमाताईंचा मुलगा, ऋजुताचा नवरा नील, काही वर्षांपूर्वी नोकरीसाठी म्युनिकला गेला होता. यंदा जानेवारीत त्याने ऋजुताला कळवलं, की तो परतणार नाही, तिथे दुसरी कुणी आहे, घटस्फोट हवा आहे. आईला मात्र तूच सांग, माझी हिंमत होत नाही. सही करायची आणि हे घर सोडायचं, हे ऋजुताने तेव्हाच ठरवलं. सांगायचं राहिलं. आधी हेमाताईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं, मग गणपती, मग नुसतंच राहिलं. रडूही आलं नाही. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तसं झालं होतं. बोट लावलं तर बोटाला कळायचं, हिरडीला नाही.

"यान स्थानकाला टेकलं आहे," ती सपाट आवाजात म्हणाली आणि तिने माइक बंद केला. आता बराच वेळ बोलण्यासारखं काही नव्हतं.

"लागलं का एकदाचं?" हेमाताईंनी विचारलं.

"टेकलंय फक्त. आता हुक आवळतील, हवा कुठे गळत नाही ना ते बघतील. मग दोन्हीकडचा दाब सारखा करतील. तोवर दार उघडत नाहीत."

"दारात येऊन एवढं ताटकळायचं? आमच्या नणंदा बऱ्या. बेलसुद्धा न वाजवता थेट स्वयंपाकघरात."

तासाभराने ऋजुता लिहून ठेवलेल्या निवेदनातलं शेवटचं वाक्य हळू आवाजात वाचून बघू लागली. "काही महिन्यांनी हेच अंतराळवीर स्थानक सोडून जातील..."

"जातील काय गं? आत माणसं आहेत. निघतील म्हण."

"आई, विज्ञानाचा कार्यक्रम आहे."

"असू दे. त्यांना काय आया नाहीत? नीललासुद्धा विमानतळावर मी 'जातो' म्हणू दिलं नव्हतं. 'येतो' म्हण म्हटलं." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "म्हणाला."

ऋजुताने 'जातील' खोडून 'निघतील' लिहिलं. रोज सकाळी कॉलेजला निघताना तीही उंबऱ्यावरून 'आई, येते' म्हणायची. आजवर चुकलं नव्हतं.

"या दिवाळीला येईल ना गं तो?" हेमाताईंची नजर मेथीवरच होती. "तुला काही बोलला?"

पडद्यावर दाराच्या कडेचा एक दिवा पिवळ्याचा हिरवा झाला. कानातल्या इअरफोनमधून वाहिनीचा नयन घाईघाईने म्हणाला, "मॅडम, दाब झाला, दार उघडतंय. बोला, बोला!"

तिने इअरफोन काढून टेबलावर ठेवला. त्यातून नयनचा बारीक आवाज येत राहिला.

"नाही येणार, आई. या दिवाळीला नाही, पुढच्याही नाही. तिथे दुसरी कुणी आहे. त्याने घटस्फोट मागितलाय."

हेमाताईंच्या बोटांत मेथीची काडी तशीच राहिली.

"आणि तू?"

"मी सही करणार आहे. डोंबिवलीत घर बघितलंय भाड्याचं. दिवाळीआधी मी जाते."

"येते म्हणावं गं," हेमाताईंच्या तोंडून सवयीने निघालं.

"नाही, आई," ऋजुता म्हणाली. "जाते."