माथ्यावर दोघंच

“कानात दडे बसले हो,” बायको म्हणाली.

“आवंढा गीळ, सुटतील.” जीपवाल्याने वळणासाठी गिअर बदलला.

मागच्या सीटवर प्रवासी नव्हते, त्यामुळे जीप उगाच खडखडत होती. या बोडक्या डोंगरावर लोकांची ने-आण करण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. कुणी कडे चढायला यायचे, कुणी तंबू ठोकून तारे बघायला, कुणी नुसते फोटो काढायला. लग्न नवीन असताना बायको म्हणायची, “एकदा मलाही न्या की वर.” तो म्हणायचा, “गर्दी ओसरू दे.” गर्दी ओसरली की बर्फाने रस्ता बंद व्हायचा, आणि रस्ता उघडला की पुन्हा गर्दी. पुढे तिने विचारणंच सोडलं. तेव्हा आपल्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे आता त्याला राहून राहून आठवत होतं.

काल डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. काचबिंदू. आता उजेड-अंधार तेवढा कळेल. “आधी का नाही आणलंत यांना?” त्यांनी विचारलं. गर्दीचे दिवस होते, हे शब्द त्याच्या ओठांवर आले आणि त्याने ते गिळले.

घरी आल्यावर तो म्हणाला, “उद्या वर जाऊ.”

“आता?” एवढंच ती म्हणाली. पण सकाळी त्याच्या आधी तयार होऊन बसली.

माथ्यावर त्याने तिला हाताला धरून कठड्यापाशी आणलं. वारा बोचरा होता. तिने दोन्ही हातांनी कठडा घट्ट पकडला.

“सांगा, काय दिसतंय?”

त्याने कठड्यावरून खाली पाहिलं. एरवी प्रवासी उतरले की तो सीट मागे करून, तोंडावर टोपी ओढून ताणून द्यायचा.

“खाली सगळं वाळवंट आहे.”

“ते ठाऊक आहे मला. तिथंच तर राहतो आपण.”

“पिवळं आहे. म्हणजे, नुसतं पिवळं नाही. मधे तांबडे पट्टे आहेत. लांब एक सुकलेलं तळं आहे, मिठाने पांढरं झालेलं.”

“आणि आपलं घर?”

त्याने डोळे ताणून पाहिलं. पायथा डोंगराच्या पोटाआड गेला होता.

“दिसतंय की. पत्रा चमकतोय.”

ती हसली. “तोंडाला ऊन लागत नाहीये माझ्या. ढग आलेत ना? मग पत्रा कशाने चमकेल?”

तो घसा खाकरून म्हणाला, “नाही दिसत घर.”

“असू दे. दिसतंय ते सांगा.”

त्याने टोपी काढली आणि डाव्या टोकापासून नीट बघायला सुरुवात केली. ती मान किंचित वर करून वाट बघत राहिली.