हवा लागलेली बरणी

माय मरो आणि मावशी जगो, ही म्हण ज्यानं कुणी काढली त्याला स्वतःला मुलगी नसणार! शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता पीटीच्या सरांनी ती हसत हसत फेकली आणि थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

थोरली म्हणजे शाळेतल्या रसायनशास्त्राच्या जुन्या बाई. रसायनांच्या कपाटाची किल्ली कायम तिच्याकडे. तिची धाकटी बहीण याच वर्षी त्याच शाळेत वरच्या वर्गांना रसायन शिकवायला आली, आणि थोरलीची एकुलती एक लेक नेमकी धाकटीच्याच वर्गात. झालं! घरात उठता-बसता मावशीपुराण. मावशी किती छान समजावते, मावशी चुकलं तरी ओरडत नाही. आणि आईनं शिकवायला बसवलं की बाईसाहेबांना लगेच जांभया.

त्यात एकदा लेकीनं, सगळीच मुलं करतात ती चूक केली. "बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते," म्हणाली.

"डोकं गहाण ठेवलंस का?" थोरली कडाडली. "तोडायला ऊर्जा घालावी लागते. सुटते ती नवा बंध जुळताना. रसायनाच्या बाईंच्या मुलीला एवढंही येऊ नये?"

लेकीनं पुस्तक मिटलं, चपला घातल्या आणि थेट मावशीचं घर गाठलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिकडेच. थोरली तिथं गेली की दोघींची कुजबूज एकदम बंद. पोटचं पोर हातातून चाललंय, या एका विचारानं तिला घास गोड लागेना.

अशातच धाकटी येऊन म्हणाली, "ताई, उद्या पालकांसमोर तो गारठ्याचा प्रयोग करायचाय. बेरियम हायड्रॉक्साइड आणि नवसागर काढून ठेवशील?"

प्रयोग तसा सोपा. दोन्ही पांढऱ्या पावडरी चंबूत घालून ढवळल्या की चंबू इतका थंड होतो की खालच्या ओल्या फळीवर बर्फ धरतो आणि चंबू उचलला की फळीही उचलली जाते. बघणारे तोंडात बोट घालतात.

कपाटात बेरियम हायड्रॉक्साइडच्या दोन बरण्या होत्या. एक नवीकोरी. दुसरी जुनी, झाकण सैल राहून हवा लागलेली, पार निकामी. टाकायची राहून गेलेली. दिसायला आतली पावडर सारखीच. थोरलीचा हात नव्या बरणीकडे गेला, थांबला आणि जुनीवर आला. होऊ दे एकदा फजिती! मावशी काही आकाशातून पडलेली नाही, हे कळू दे पोरीला. तिनं जुनी बरणी टेबलावर ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. धाकटी टेबलापाशी आली, चार शब्द बोलली आणि बाजूला झाली. पुढं आली ती लेक.

"मी लहान असताना हा प्रयोग मला आईनं दाखवला होता," लेक म्हणाली. "आई जादूगार आहे असंच वाटलं होतं मला. आता मी तिच्यासमोर नेहमी चुकते, म्हणून मावशीकडे गुपचूप तयारी केली. आज आईला दाखवायचंय."

म्हणजे ती कुजबूज यासाठी होती!

लेकीनं पावडरी चंबूत घातल्या, ढवळल्या, थोडं थांबली आणि चंबू उचलला. फळी टेबलावरच. मागं कुणीतरी खुसखुसलं. तिनं पुन्हा ढवळलं, कान लालबुंद झाले. चंबू कोमटच.

तिनं सगळ्यांदेखत वळून विचारलं, "आई, माझं काय चुकलं?"

गप्प बसलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. थोरली उठली, प्रयोगशाळेत जाऊन कपाट उघडलं आणि नवी बरणी आणून लेकीपुढं ठेवली.

"तुझं काही चुकलं नाही. ती बरणी निकामी आहे. मला ठाऊक होतं आणि तरी मीच काढून दिली."

मुख्याध्यापिका उगाच चष्मा पुसू लागल्या.

लेकीनं दुसऱ्या चंबूत सगळं नव्यानं घातलं. ढवळताच अमोनियाचा भपकारा उठला, लोकांनी नाकाला रुमाल लावले. चंबू उचलला, फळीही वर आली. टाळ्यांचा कडकडाट झाला. लेक आईकडे न बघता बोलत राहिली: जुने बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागली तेवढी नवे जुळताना परत आली नाही, कमी पडलेली उष्णता आजूबाजूनं ओढून घेतली, म्हणून हा गारठा. एक अक्षर चुकलं नाही.

सगळे पांगल्यावर ती दप्तर उचलून एवढंच म्हणाली, "आज मी मावशीकडे राहते."

धाकटी तिच्यामागं निघाली, दारातून परत आली. "ताई, मी समजावते तिला."

जिच्या नुसत्या नावानं अंगाची आग व्हायची, तिचाच हात थोरलीनं धरला. "समजाव गं. तुझं ऐकेल ती."

मग ती एकटीच चंबू धुवायला बसली. पीटीचे सर डोकावले. "काय बाई, डोळ्यांत पाणी?"

"अमोनिया आहे," ती म्हणाली.

खिडक्या सगळ्या उघड्या होत्या. वास केव्हाच गेला होता.