क्लचवरचा पाय

महादेवप्पांच्या वस्तीवर ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर चालणारी कडबाकुट्टी होती, आणि तिच्यावर सात वर्षं एकाच नवराबायकोची जोडी. यंत्राच्या तोंडात कडबा सारायची सोनाबाई. ट्रॅक्टरवर बसून तिच्या हातांकडे बघत राहायचा जोतीराम. पेंढी अडकली, पदर ओढला गेला, की ती ओरडायची, "दाब!" त्याचा पाय क्लचवर पडायचा आणि पातं थांबायचं. एवढ्या वर्षांत तिच्या बोटाला ओरखडा नव्हता. एरवी नवऱ्याला अहोजाहो करणारी बाई त्या एका शब्दापुरती अरेतुरेवर यायची, आणि त्याला ते आवडायचं.

मालकांच्या मात्र ते डोळ्यांत सलायचं. "लाखमोलाचा ट्रॅक्टर, आन् ह्यो वर बसून बायकू बघतोय," ते चारचौघांत म्हणायचे. गडी फिदीफिदी हसायचे. शहात्तर साली विहिरीवर विजेची मोटार आली, तिथलं डिझेल इंजिन रिकामं झालं आणि हुकूम सुटला: कुट्टीला इंजिन जोड. ट्रॅक्टर उद्या माढ्याला नांगरटीला जाणार.

जोतीरामनं बाभळीच्या दोन ओंडक्यांवर इंजिन बसवलं, बोल्ट आवळले. पट्टा चढवताना मात्र तो घुटमळला. "मालक, ह्येला क्लच न्हाय. इंजिन बंद केलं तरी चाक फिरतच ऱ्हातंय. पट्टा सरकवायला मोकळी पुली पायजे, म्हंजी पातं थांबंल. सोलापुरात मिळंल. दोन दिस द्या."

"दोन दिस जनावरांनी काय खायाचं? तुजं डोस्कं?" मालक म्हणाले. "बायकूला सांग, हात जपून घाल. हात तिचा हाय, माजा न्हाय."

एवढं बोलून ते चहाला गेले. असल्या माणसांना चहा गोडच लागतो.

जोतीरामनं तेव्हाच पाना फेकायला हवा होता. नाही फेकला. इंजिन धडधडलं, कुट्टीचा ढीग भराभर वाढला आणि तो स्वतःच हरखला. हे आपण केलं, या तोऱ्यात तो इंजिनाजवळ उभा राहून सोनाबाईच्या हातांकडे बघू लागला, रोजच्यासारखा.

तिसऱ्या भाऱ्याला तिची बांगडी पेंढीच्या बंधात अडकली. पेंढीबरोबर हात आत चालला.

"दाब!"

जोतीरामनं दाबला. जीव खाऊन दाबला. डावा पाय मातीत रुतला, अंगठ्याचं नख उलटलं, तरी तो दाबतच राहिला. पुढ्यातला पट्टा पाडायचं त्याला सुचलंच नाही. गड्यांनी बांबू घालून पट्टा पाडला तेव्हा उशीर झाला होता. मालक धावत आले आणि आधी यंत्रात वाकले. "पातं शाबूत हाय न्हवं?"

सोलापूरच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सोनाबाई बोलली. तिचा उजवा हात आता कोपराशीच संपत होता.

"अवो, मी वरडले, ते आयकू आलं न्हाय व्हय?"

"आलं की."

"मग दाबला का न्हाय?"

जोतीराम आपल्या काळ्यानिळ्या अंगठ्याकडे बघत राहिला. "दाबला की, सोने," तो म्हणाला.

तिला ते खोटं वाटलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.