कापायचा राहिलेला श्वास

वर्ना कॉपेजचं पत्र येऊन सहा वर्षं झाली होती, आणि हार्लन स्टेबिन्सने त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचं होतं. 'तुम्हाला आठवत असेल, तळ्याकाठचं ते गाणं मी गायले होते. घरात कुणाचा विश्वास बसत नाही. त्या खोलीतले बाकीचे सगळे गेले. दोन शब्द लिहून पाठवाल का?' हार्लनने चारदा कागद पुढे ओढला, चारदा तारीख घातली आणि चारदा पेन खाली ठेवलं.

आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं हीच पंचाईत होती. १९५५ साली तो हॉलिवूडच्या एका स्टुडिओत ध्वनिसंकलकाच्या हाताखाली होता. नायिका लेनोर ॲशबी दिसायला लाखात एक, काम करायलाही तशीच, पण गळा नव्हता. मग पडद्यावर लेनोर आणि आवाज वर्नाचा. वर्नाने एका कागदावर सही केली आणि तोंड मिटलं. तेव्हाची रीतच ती. त्यांच्या ध्वनिखोलीत आणखी एक रीत होती. गाणारीचे श्वास फितीतून एकूणएक कापायचे, कारण श्वास एकीचा आणि ओठ दुसरीचे, जुळायचे कसे? हार्लनने एकतीस श्वास कापले. बत्तिसावा राहून गेला. चित्रपट लागल्यावर थिएटरात तो त्याला ऐकू आला आणि त्याला दरदरून घाम फुटला. कुणाच्या लक्षात आलं नाही. पण वर्नाला उत्तर लिहायचं तर पुरावा तोच द्यावा लागणार होता, आणि तो पुरावा म्हणजे हार्लनची चूक.

आता एका वाहिनीने लेनोरच्या ऐंशीव्या जयंतीनिमित्त तिचे अकरा चित्रपट आठवडाभर दाखवायचं ठरवलं होतं. मधेमधे गप्पा. ध्वनिखोलीतलं जिवंत माणूस म्हणून त्यांनी हार्लनला शोधून काढलं. शुक्रवारी दुपारी गाडी दारात आली तेव्हा त्याची थोरली बहीण फर्न त्याचा टाय ओढत होती.

"तिथे जाऊन नंदीबैलासारखी मान हलवत बसू नकोस. तोंड उघड."

"विचारलं तर बोलेन की."

"विचारलं तरी कुठे बोलतोस? तीस वर्षं विचारतेय, सूप कसं झालंय म्हणून."

स्टुडिओत निर्माती मरिसा डेल्गाडोने त्याला रंगपटाच्या खुर्चीत बसवलं. बाई बोलकी होती.

"त्या गाण्यावर हक्क सांगणाऱ्या बाईंनाही आम्ही फोन लावला होता, मिस्टर स्टेबिन्स. कॉपेज ना? फ्रेझ्नोला वृद्धाश्रमात असतात. भाची म्हणाली, मनावर घेऊ नका, मावशीला हल्ली भास होतात. ते गाणं आपणच गायलं असं नर्सला, स्वयंपाकिणीला, दिसेल त्याला सांगत सुटते. शांत राहात नाही म्हणून सोमवारी डॉक्टर गोळ्या वाढवणार आहेत. बिचारी!"

हार्लन खुर्चीत तिच्याकडे वळला.

"त्या गोळ्यांनी काय होतं?"

"झोपूनच असतात मग. माझ्या आजीचं तसंच झालं." मरिसाने त्याच्या कोटावरची पावडर झटकली. "चला, पॉलीनबाई आल्यात."

पॉलीन लेनोरची मुलगी. साठीची, गळ्यात मोत्यांचा सर. तिने हार्लनचा हात दोन्ही हातांत धरला. "आई तुमच्या खोलीबद्दल फार बोलायची. तिथली माणसं कमी बोलतात म्हणून मला आवडतात, म्हणायची." हार्लनला वाटलं, हिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवे लागले. तीन खुर्च्या, समोर पडदा. गाणं लागलं. रेनकोट घातलेली लेनोर तळ्याच्या कठड्याला टेकून उभी होती. गाणं संपल्यावर सूत्रसंचालक पॉलीनकडे वळला.

"आणि हे गाणं त्यांचं स्वतःचं?"

"सूर न् सूर! भांडी घासतानासुद्धा गुणगुणायची."

"मिस्टर स्टेबिन्स, तुम्ही तर साक्षीदार. खरं ना?"

हार्लनने मान हलवली. हलवायची नव्हती, ती आपली आपणच हलली. सूत्रसंचालक हसून पुढच्या प्रश्नाकडे गेला. प्रश्न लेनोरच्या टोप्यांबद्दल होता. पॉलीन टोप्यांबद्दल सांगू लागली आणि हार्लन मनात दिवस मोजू लागला. सोमवार. मधे फक्त शनिवार आणि रविवार.

"थांबा," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. "थांबा!"

सगळे थांबले.

"मी आत्ता खोटी मान हलवली. ते गाणं पुन्हा लावता? दुसऱ्या कडव्याच्या आधी. लेनोरबाईंच्या ओठांकडे बघा."

मरिसाने अंधारातून कुणाला तरी खूण केली. पुन्हा तळं आलं, कठडा आला. लेनोर पाण्याकडे पाहत होती, ओठ घट्ट मिटलेले. आणि त्या मिटलेल्या ओठांवर एक श्वास ऐकू आला, छाती भरून घेतलेला. ओठ त्यानंतर उघडले.

"तो श्वास वर्ना कॉपेजचा आहे," हार्लन म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "गाणंही तिचंच. श्वास कापायचं काम माझं होतं. एक राहिला. चूक माझी आहे."

"आईला त्या दिवशी सर्दी असेल," पॉलीन म्हणाली.

"नाही, बाई."

"तिच्या जयंतीला येऊन, ती उत्तर द्यायला नसताना, तुम्ही..."

"दुसरीच्या आवाजावर असं उभं राहणं सोपं नसतं. ते काम लेनोरबाईंचंच होतं. ते मी कुणालाही सांगेन. पण आवाज वर्नाचा."

पॉलीनने कॉलरचा माइक काढून खुर्चीवर ठेवला. "हे दाखवलंत तर आमच्या घरची एक फीत, एक फोटो तुम्हाला मिळणार नाही," ती मरिसाला म्हणाली आणि निघून गेली. हार्लनकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

बाहेर बोळात मरिसा भिंतीला टेकली. "मी ऐकलं हो, माझ्या कानांनी ऐकलं. पण अर्धा आठवडा त्यांच्या घरच्या फितींवर उभा आहे. तेवढं कापावंच लागेल."

"कापा. मला त्या वृद्धाश्रमाचा पत्ता द्या."

"पत्ता कशाला? फोनच लावते ना!"

"फोनवर मी अडखळतो. आणि डॉक्टरला कागद लागतो." मरिसाने पत्ता लिहून दिला.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना त्याने गाडी पोस्टासमोर थांबवायला लावली. आतल्या उंच मेजावर, साखळीला बांधलेल्या पेनने, त्याने उभ्यानेच लिहिलं:

'प्रिय वर्ना, ते गाणं तुम्हीच गायलात. मी त्या खोलीत होतो. दुसऱ्या कडव्याआधी तुमचा श्वास ऐकू येतो तेव्हा लेनोरबाईंचे ओठ मिटलेले आहेत. तो कापायला मी चुकलो. हे पत्र तुमच्या भाचीला आणि डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांना चित्रपटही दाखवा. तुम्हाला भास होत नाहीत. सहा वर्षं मी गप्प बसलो, ते माझ्या भित्रेपणामुळे.'

खाली सही केली, आपला पत्ता आणि फोन नंबर घातला. मग वाचून पाहिलं. 'चुकलो' हा शब्द फारच उघडा वाटला. शेवटचं वाक्य लाचार वाटलं. नवा कागद घ्यावा का?

"आजोबा," खिडकीतली बाई ओरडली, "कादंबरी लिहिताय का? पाच वाजता बंद करते मी."

"उद्या पोचेल ना?"

"घाईच्या टपालाने टाकलंत तर शनिवारीसुद्धा पोचतं. पण गाडी आत्ता निघतेय."

हार्लनने पाकीट चिकटवलं. खिडकीतून आत सरकवलं, पण बोटं काही सुटेनात. बाईने पाकीट ओढलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा ओढलं. मग त्याने सोडलं. तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. पिशवी उचलून एक माणूस दाराबाहेर गेला.

"गेलं?" हार्लनने विचारलं.

"गेलं," ती म्हणाली आणि खिडकी खाली ओढली.