पाहुण्याचं पाणी

"विकून टाक ती गाय," थोरला म्हणाला, आणि आत्याने हातातली कळशी ओट्यावर अशी आपटली की शेजारी बसून काज करणारा मी सुईसकट दचकलो.

"विकते की. आधी तू दूध प्यायचं सोड," आत्या म्हणाली.

मी गावचा शिंपी. माझं मशीन आणि आत्याचं अंगण यांच्यामध्ये एक बुटकी भिंत आहे, त्यामुळे त्या घरातली भांडणं मला घरपोच मिळतात. थोरला हा तिचा भाऊ. आत्या ऐन तरुणपणी सासरहून परत आली ती भावाच्या घरी राहिली आणि बघता बघता साऱ्या गावाची आत्या झाली. माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठी असेल. मला शिंप्या म्हणते, आणि मी केलेल्या पोलक्याला ढगळ म्हणते.

भांडण होतं पाण्यावरून. आमचं गाव ओढ्याच्या काठावर आहे आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला कागदाचा कारखाना आहे. कारखाना आला तेव्हापासून सकाळी दगडांना फेस धरतो आणि वाऱ्यावर भिजक्या पोत्यासारखा वास येतो. पण गुरं त्याच पाण्यावर जातात, बायका तिथेच धुणी धुतात, आणि रोजच्या गोष्टीकडे कोण निरखून बघतो? आत्याने बघितलं, कारण गेल्या खेपेला तिच्या तांबडीने मेलेलं वासरू टाकलं. तांबडी दिवसभर त्याला चाटत उभी राहिली. ते आत्याच्या जिव्हारी लागलं. आता तांबडी पुन्हा गाभण होती, आणि आत्याने मनाशी धरलं होतं की ओढ्याच्या पाण्याचा थेंब तिच्या पोटात जाऊ द्यायचा नाही.

म्हणून टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी. झरा खडकात आहे, गाय काही तिथे चढत नाही. आत्या चढते. गाय एका वेळेला किती पाणी पिते हे ज्याने डोक्यावरून वाहिलंय त्यालाच विचारावं. आत्याचा खांदा उतरला होता, तरी तोंड तसूभरही उतरलं नव्हतं.

"सगळ्या गावाची गुरं ओढ्यावर पितात," थोरला म्हणाला.

"पितात. आणि मला कुठं माहीत आहे त्यांच्या पोटात काय होतं?"

"तेच म्हणतो मी. तुला माहीत नाही. वासरू गेलं ते नशिबानं गेलं. उगाच पाण्यावर आळ कशाला?"

आत्या माझ्याकडे वळली. "शिंप्या, पाण्यात काय आहे हे कुणाला कळत असेल?"

मी मास्तरांकडून ऐकलेलं सांगितलं. बाजारगावी एक सरकारी कचेरी आहे. नद्या, ओढे, हवा, धूर, सगळ्याचा तपास तिथे ठेवलेला असतो म्हणे.

"आमच्या ओढ्याचापण?"

"असेल की."

"आणि त्यांनी आम्हाला सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

"मग उद्या विचारू," आत्या म्हणाली. "तू चल. तुला वाचता येतं." मशीनवर लग्नघरचे कपडे पडले होते, पण आत्यापुढे नवरीचं काय चालणार?

इथे आत्याची एक सवय सांगायला हवी. दारात आलेल्या माणसाला ती पाण्याशिवाय जाऊ देत नाही, आणि तेही झऱ्याच्या. तांबडीच्या आधीपासून पाहुण्यासाठी तिची एक कळशी वेगळी असते. आमच्याकडे दर हंगामाला एक सरकारी गृहस्थ जीपमधून येत. गाडी पुलावर उभी राही, ते कठड्यावरून वाकून खाली बघत, काहीतरी टिपून घेत. पुलाची पाहणी करणारे असणार म्हणून आम्ही त्यांना पुलाचे साहेब म्हणत असू. गुडघ्यांनी बिचारे बेजार. आत्याच्या ओट्यावर टेकत, चहा घेत, आणि दोन रिकाम्या बाटल्या पुढे करून भिडेभिडेने म्हणत, "बाई, ओढ्यावरून एवढ्या भरून आणाल का?" आत्या बाटल्या घेऊन सरळ टेकडी चढे. "चांगला माणूस आहे," मला म्हणायची. "मला चढ पडू नये म्हणून ओढ्याचं मागतो. म्हणून काय आपण ओढ्याचं द्यायचं?"

तर दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत पोचलो. लांबट खोली, वर कण्हणारा पंखा, टेबलामागे एक कारकून आणि त्याच्यामागे भलं मोठं लोखंडी कपाट. कपाटाच्या वर भिंतीवरच्या एका पाटीची नुसती कड दिसत होती. 'माहिती' एवढाच शब्द वाचता येत होता, बाकीची पाटी कपाटामागे गेलेली.

"काय काम आहे?" कारकुनाने विचारलं.

"आमच्या ओढ्यात काय आहे ते बघायचंय."

"कुणी पाठवलं?"

"गाईनं," आत्या म्हणाली.

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी गंभीर चेहरा केला. शिंप्याला ते जमतं, गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं तेव्हा हाच चेहरा लागतो.

"तुम्ही वकील आहात? संस्थेच्या आहात?"

"मी गाय पाळते."

"मग तुम्हाला ही माहिती कशाला?"

"ओढा आमचा, पाणी आमचं, गाय माझी. यात तुमचं काय आहे?"

"माहिती आमची आहे," कारकून म्हणाला, आणि आपण फार बरोबर बोललो असं त्याला स्वतःलाच वाटलेलं दिसलं.

कपाटाची किल्ली मोठ्या साहेबांकडे होती आणि मोठे साहेब बैठकीला गेले होते. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आम्हाला नवीन नव्हतं. आत्याने दाराच्या आत बैठक मारली, फडकं सोडून माझ्यापुढे जेवण ठेवलं, कारकुनालाही विचारलं. तो नको म्हणाला. तिने पुन्हा विचारलं. मग त्याने घेतलं. खाल्ल्या अन्नाला जागून का होईना, त्याने आम्हाला तिथून उठवलं नाही.

साहेब आले ते अगदी गोड बोलणारे. त्यांनी आत्याला खुर्ची दिली आणि कपाट मात्र उघडलं नाही. "आजी, हे तपासणीचे आकडे असतात. लोकांना त्यातलं कळत नाही आणि उगाच घाबरगुंडी उडते. म्हणून आम्ही ते सांभाळून ठेवतो."

झाकली मूठ सव्वा लाखाची, मी मनात म्हटलं.

"साहेब," आत्या म्हणाली, "मेलेलं वासरू मी या हातांनी पुरलं. तेव्हा मी घाबरेन असं कुणाच्या मनात आलं नाही. आता तरी कशाला जपता मला?"

साहेबांनी खिशातून किल्ली काढली. कपाट कुरकुरलं, धूळ उडाली, आणि आमच्या ओढ्याचा कागद माझ्या हातात आला.

मी मोठ्याने वाचला. रंग नाही. वास नाही. घातक द्रव्य आढळले नाही. शेरा: पाणी उत्तम, सर्व वापरास योग्य. त्याआधीचाही कागद तसाच. त्याच्याआधीचाही.

"बघा," साहेब म्हणाले. त्यांनाही हायसं वाटलं होतं. "साऱ्या भागात तुमच्या ओढ्याइतकं चांगलं पाणी नाही."

आत्याचा चेहरा पाहवेना. बातमी चांगली होती, पण ती एकदम म्हातारी दिसायला लागली. इतके दिवस डोक्यावरून वाहिलेलं सगळं पाणी जणू वाया गेलं. "मग थोरल्याचंच खरं," ती हळूच म्हणाली. "तांबडीला उद्यापासून ओढ्यावर सोडते. शिंप्या, पण मग वासरू कशानं गेलं रे?"

मी कागदाची घडी घालत राहिलो.

आम्ही उठलो तोच दारातून लंगडत कोण यावं? आमचे पुलाचे साहेब. आत्याला पाहून त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा, बाई तुम्ही इथं? साहेब, मी सांगत नव्हतो का, त्या ओढ्यावरच्या बाई? माझे गुडघे असे झाल्यापासून नमुन्याच्या बाटल्या याच भरून देतात."

आत्या जागीच वळली.

"नमुना म्हणजे?" आत्याने विचारलं.

"तपासायला पाणी नेतो ना आम्ही. ओढ्याचं."

"ते तपासायला नेता तुम्ही?"

"मग कशाला नेणार?"

"मला वाटलं," आत्या म्हणाली, "तुम्हाला वाटेत तहान लागते."

मला हसू आवरेना आणि हसायची ती जागा नव्हती. मी खाली वाकून उगाच चपलेचा पट्टा घट्ट केला. आपलेच दात, आपलेच ओठ. कागद सरकारचा, सही साहेबांची, आणि आत पाणी आत्याच्या पाहुणचाराचं. टेकडीवरच्या झऱ्याला इतकी वर्षं उत्तम शेरा मिळत होता आणि ओढा खाली फेसाळत होता.

आत्याने आधी कपाळावर हात मारला. मग तिचा आवाज चढला. "एकदा तरी सांगायचं होतंत, बाटली कशाला ते. एकदा तरी निकाल आणून दाखवायचा होता. बाटली कशाला आणि निकाल काय, हे दोन्ही सांगितलं असतंत तर तिथल्या तिथं ओळखलं असतं मी, की हे ओढ्याचं नव्हे, झऱ्याचं पाणी. कपाटात ठेवून काय केलंत? माझंच पाणी कुलपात घातलंत आणि मलाच सांगितलंत की ओढ्यात काही दोष नाही."

मोठे साहेब रुमालाने चष्मा पुसत बसले. त्या सगळ्या कागदांवर त्यांची सही होती. "झालं ते झालं," ते म्हणाले. "पुन्हा नमुना घेऊ. निकाल आला की इथं येऊन बघा."

"इथं कुठं बघणार? कारकूनदादा, ते कपाट जरा सरकवा."

"का?"

"मागं काय लिहिलंय ते या शिंप्याला वाचायचंय. आल्यापासून मान वाकडी करतोय."

खरं तर मान मी पंख्याच्या भीतीने वाकडी केली होती, पण आत्याचा शब्द कसा मोडायचा? कारकुनाने आणि मी मिळून कपाट हलवलं. मागे कोळ्याची जाळी आणि सुबक अक्षरांतली पाटी: 'माहिती सर्वांसाठी खुली आहे. पाणी, हवा व जमीन यांच्या तपासणीचे निकाल मागणाऱ्या कोणासही दाखवले जातील व संबंधित गावात लावले जातील.'

कारकुनाने ती दोनदा वाचली. तिथे इतकी वर्षं नोकरी करून ती त्यालाही नवीनच होती.

त्याच आठवड्यात जीप आली. आत्याने पुलाच्या साहेबांना ओट्यावर टेकू दिलं नाही. "आधी ओढा, मग चहा." साहेबांनी घाटाच्या पायऱ्या पाहिल्या आणि गुडघ्यांना हात लावला. तेव्हा थोरला पुढे आला, त्याने साहेबांना पाठुंगळी घेतलं आणि पाण्यापर्यंत उतरवलं. गाय वीक म्हणणारा हाच, पण त्या वासराचा खड्डा खणायलाही हाच होता, ते मी विसरलो नव्हतो. साहेबांनी आपल्या हाताने बाटल्या भरल्या. सगळं गाव काठावर उभं राहून बघत होतं. फेस बाटलीच्या गळ्याशी येऊन थांबला.

निकाल पुलाच्या कठड्यालाच लावला. जनावरांना पाजू नये, एवढं पहिल्या ओळीत होतं, पुढचं वाचायची गरज पडली नाही. कारखान्याची चौकशी चालू आहे म्हणतात. चालू आहे म्हणजे चालू आहे, आमच्या जन्मात थांबली तर कळवीन. पण आत्याला वेडी म्हणणारे सगळे दुसऱ्या दिवशी कळशा घेऊन टेकडीवर हजर झाले, आणि पुरुषांची डोकी दुखायला लागली तशी झऱ्यापासून नळी घालायची अक्कलही सुचली. बायका वाहत होत्या तोवर ती सुचत नव्हती. आता खाली हौदात पाणी पडतं आणि गुरं तिथे पितात.

तांबडी व्याली. कालवड, कपाळावर पांढरा ठिपका, आणि दांडगी इतकी की पहिल्याच दिवशी माझ्या भिंतीवरून लोंबणारं कापड चघळलं. आत्या गोठ्यात जाऊन एकटीच बराच वेळ रडली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, धूर गेला डोळ्यात. चूल पेटलेली नव्हती.

पुढच्या हंगामात पुलाचे साहेब आले, थोरल्याच्या पाठीवरून ओढ्यावर जाऊन आले, चहा प्याले. निघताना त्यांनी आणखी एक रिकामी बाटली काढली आणि नुसतीच हातात धरून बसले.

"ही कशाला?" आत्याने विचारलं.

"ही माझ्यासाठी," ते म्हणाले. "बाई, इतकी वर्षं तुम्ही टेकडी चढून पाणी दिलंत. मी एक घोटही घेतला नाही हो. सगळं तपासण्यात गेलं." मग भिडेने पुढे म्हणाले, "वर नका जाऊ. हौदातलं चालेल."

"हौदातलं गुरांना," आत्या म्हणाली आणि पदर खोचून टेकडीच्या वाटेला लागली. चार पावलं जाऊन मागे वळली.

"बसा निवांत. आणि या खेपेला प्या. कपाटात ठेवू नका."