कॅराव्हॅनची गळती आणि काळूरामचा नारळ

कमळाकरशेठच्या कॅराव्हॅनमध्ये फेब्रुवारी महिन्यात अळंबी उगवली. पलंगाखाली, गालिच्यातून, चांगली बशीएवढी. अळंबी पावसाळ्यात उगवते, रानात उगवते. भर थंडीत पलंगाखाली उगवल्याचं वैशाखरे गावात कोणी ऐकलं नव्हतं. शेठच्या रिसॉर्टवरच्या आचाऱ्याने बराच वेळ बघून विचारलं, "शेठ, भाजी करू का?"

ही कॅराव्हॅन शेठनी दोन हजार दोन साली मुंबईच्या एका बुडालेल्या शूटिंग कंपनीकडून आणली होती. पूर्वी तिच्यात नट्या रंगायच्या. चाकं होती, इंजिन नव्हतं, म्हणून ट्रॅक्टरला बांधून दोन दिवस ओढत आणली. आत सोफा, पलंग, बेसिन, शॉवर, संडास आणि जिकडेतिकडे आरसे. शेठनी ती माळशेजचा डोंगर दिसेल अशी उभी केली आणि नवविवाहितांना भाड्याने द्यायला लागले. अभिप्रायाच्या वहीत शेवटच्या जोडप्याने लिहिलं होतं, 'निसर्गाच्या फार जवळ गेल्यासारखं वाटलं. सकाळी चपला तरंगत होत्या.'

मग शेठनी महेंद्रला बोलावलं.

महेंद्र शेणव्याचा. आयटीआयचा प्लंबर, सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं. सात वर्षं तो तालुकाभर 'बोलावला की येणारा' म्हणून ओळखला जात होता. काम संपलं की 'कशाला थांबलाय' म्हणून. त्याची बायको पौर्णिमा हिने यंदा स्पष्ट सांगितलं होतं, "जूनपर्यंत कुठं कायम झालात तर ठीक. नायतर पोरीचं नाव बदलापूरच्या शाळेत घालायचं आन् तुमी माझ्या भावाच्या दुकानात बसायचं." भावाचं नळांचं दुकान होतं. तिथे बसायचं म्हणजे जन्मभर नळ विकायचे आणि ते दुसऱ्याने बसवायचे. महेंद्रला त्यापेक्षा विहिरीत उडी बरी वाटत होती. पण मार्चनंतर विहिरींना तेवढं पाणी नसायचं.

म्हणून शेठ जेव्हा म्हणाले, "हे पाणी बंद करून दाखव, तुला कायम करतो, ऑर्डर टाइप करून देतो," तेव्हा महेंद्रने हत्यारांची पिशवी खाली ठेवली ती थेट चार दिवसांनी उचलली.

घरातली गळती शोधायला भिंत ठोकून बघता येते. कॅराव्हॅनची भिंत म्हणजे दोन प्लायच्या मधे थर्माकोल. जोरात ठोकलं तर पलीकडे डोंगर दिसतो. पाण्याची टाकी सोफ्याखाली, तिच्याशेजारी बॅटरीवरचा छोटा पंप. नळ उघडला की पंप घुरघुरायचा, बंद केला की गप्प. पण हा पंप सगळे नळ बंद असतानाही दर चार मिनिटांनी घुर्र करत होता. म्हणजे आत कुठेतरी एक नळ उघडा होता, जो कोणी बसवलेला नव्हता.

पहिल्या दिवशी महेंद्रने गरम पाण्याची लाइन तोडून तिला बूच मारलं. पंप घुर्र. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या ओट्याची तोडली. घुर्र. तिसऱ्या दिवशी बाथरूमकडे जाणारी गार लाइन बंद केली आणि पंप असा शांत झाला, की महेंद्रला तो मेल्याची शंका आली. मग त्याने मुरबाडच्या पंक्चरवाल्याकडून हवेचा पंप आणि दाबाचा काटा आणला, त्या लाइनमध्ये पाण्याऐवजी हवा भरली आणि स्टीलचा पेला भिंतीला लावून कान दिला. तासाभराने त्याला बारीक फुस्स ऐकू आलं. पाणी पलंगाखाली साचत होतं, पण पडत होतं तिथून सात फुटांवर. खालच्या लोखंडी पट्टीवरून चालत चालत पलंगापर्यंत येत होतं.

फुस्स आवाज येत होता तिथे एक मोठी तसबीर होती. कॅराव्हॅनच्या उद्घाटनाची. शेठच्या हातात कात्री, शेजारी बांधकाम सभापती, दोघांच्या गळ्यात इतके हार की कोण कोण ते खाली लिहावं लागलं होतं. ती तसबीर शेठनी स्वतःच्या हाताने, भला लांब स्क्रू मारून, दसऱ्याला लावली होती.

"शेठ, तसबीर काढायला लागेल. मागची प्लाय वीतभर कापतो. काम तिथंच हाय."

"सभापतींच्या मागं?" शेठ म्हणाले. "येडा झालास का रे? तिथं नळ हाय का? बेसिन हाय का? तिथं पाणी येईल कशाला?"

"लाइन जाते तिथून."

"लाइन सगळीकडनं जाते. शनवारी बुकिंग हाय माझं. तुझ्या कानाला काय ऐकू येतं म्हणून मी सभापती उतरवू? खात्री काय?"

महेंद्रने काटा दाखवला, पेला दाखवला. शेठनी पेल्यात डोकावून पाहिलं आणि पाणी शोधायला माणूस बोलवायचं ठरवलं. म्हणजे काळूरामला.

काळूराम हा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून माळरानावर चालायचा. जमिनीत पाणी असेल तिथे नारळ उभा राहायचा आणि लोक तिथे बोअर मारायचे. या कामाला ओ पॉझिटिव्ह रक्त लागतं म्हणे. काळूरामने रक्त कधी तपासलं नव्हतं, पण त्याचा गट सगळ्या तालुक्याला पाठ होता. त्याच्या बेचाळीस बोअरांपैकी एकतीस कोरड्या गेल्या. त्याचा दोष बोअरवाल्यांचा.

काळूराम चपला काढून कॅराव्हॅनमध्ये चढला. डोळे मिटून दोन पावलं टाकतो तोच सोफ्यापाशी नारळ ताडकन उभा.

"पाणी हाय," काळूराम म्हणाला.

"काका, ती टाकी हाय," महेंद्र म्हणाला.

"मग? चुकलं काय त्यात?"

शेठनी मान डोलावली. टाकीत पाणी होतं हे खरंच होतं. पुढे नारळ कपाटाशी उभा राहिला. शेठनी लगेच करवत मागवली. महेंद्रच्या पेल्याला वीतभर प्लाय मिळत नव्हती, नारळाला अख्खी पाठ मिळाली. कपाटाची पाठ निघाली, मागे कोरडं ठणठणीत. कपाटात मात्र कोणा पाहुण्याची विसरलेली पाण्याची बाटली सापडली. मग संडासापाशी. तिथली फरशी उचकटली. खाली दोन झुरळं होती, तीही कोरडी.

"शेठ, आता तरी—" महेंद्र म्हणाला.

"नारळ चुकला नाय," शेठ म्हणाले. "पाणी सरकलं. तू हवा मारलीस ना आत? बिचकलं ते. आता ते जागेवर येईस्तो तू काय हात लावू नको. आन् परवापर्यंत नाय आलं तर मला दुसरा माणूस बघायला लागेल."

संध्याकाळी महेंद्र काळूरामच्या अंगणात जाऊन बसला. काळूराम नारळाला खोबरेल चोळत होता. चहा आला, काळूरामला पितळी पेल्यात, महेंद्रला पडवीच्या खांबाशी उपड्या ठेवलेल्या कपात. तो कप खांबाशी का असतो हे दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे बोलायचं काही राहिलं नव्हतं.

"काका, गळती त्या तसबिरीच्या मागं हाय."

"ठाव हाय."

महेंद्रने कप खाली ठेवला.

"आंधळा हाय काय मी?" काळूराम म्हणाला. "खालची पट्टी काळी पडलीय, फुगलीय. माझी सून पण सांगल. पर सभापतीच्या नाकाखाली नारळ उभा केला आन् शेठ खवळला तर? तुला सर्टिफिकेट हाय. मला नुसता नारळ हाय."

"उद्या तिथं उभा करा. एवढं माझ्यासाठी करा. मला कायम व्हायचंय, काका."

"करीन की. माझा हात हाय, मला पायजे तिथं करीन." त्याने नारळ उलटवला. "पर पोरा, नाव नारळाचं होणार. मागनं म्हणू नको काका बोलला नाय."

"होऊ द्या," महेंद्र म्हणाला. कप विसळून त्याने जागेवर उपडा ठेवला. आपण एका प्रामाणिक माणसाशी बोलून आलो, हे वाटेत त्याच्या लक्षात आलं आणि त्याला या गोष्टीचा फार राग आला.

दुसऱ्या दिवशी नारळ सभापतींच्या समोर उभा राहिला. नुसता उभा नाही, थरथरला. शेठनी हात जोडले, तसबीर स्वतः उतरवली आणि महेंद्रवर ओरडले, "बघत काय बसलास? काप!"

महेंद्रने वीतभर प्लाय कापली. आत पाइप होता आणि पाइपातून आरपार तसबिरीचा स्क्रू गेलेला. बरेच महिने त्याने स्वतःच पाडलेलं भोक स्वतःच बुजवून ठेवलं होतं. मग गंजला आणि पाणी सुटलं. महेंद्रने तो पिळून काढला. त्याच्या डोक्याला तसबिरीची सुतळी अजून लोंबत होती.

सगळे स्क्रूकडे बघत होते. शेठनी तो ओळखला.

"कंपनीचा असंल," काळूराम म्हणाला.

"कंपनीचाच," शेठ म्हणाले. "हल्ली कंपन्या कायपण घालतात आत. काय रे महेंद्र?"

महेंद्रच्या हातात स्क्रू होता. सुतळी वाऱ्याने हलत होती. जून यायला तीन महिने होते.

"कंपनीचाच, शेठ," तो म्हणाला.

मग त्याने दीड इंच पाइप कापला, जोड बसवला, दोन्हीकडून क्लॅम्प आवळले. पंप गप्प झाला. शेठनी पेढे मागवले आणि पहिला पेढा नारळापुढे ठेवला.

ऑर्डर खरोखर टाइप करून मिळाली. शेठ शब्दाचे पक्के. एकाच कागदावर दोघांची नेमणूक होती. काळूराम, मुख्य जलशोधक. महेंद्र, जलशोधकांचा सहाय्यक (दुरुस्ती). खाली अटी. चौथी अट अशी: 'नारळ उभा राहिल्याशिवाय कोणतीही भिंत, फरशी अथवा पाइप उघडू नये.'

महेंद्रच्या वडिलांनी, जयरामनी, कागद चष्मा लावून दोनदा वाचला. जयराम रेल्वेत गँगमन होते. वाचलेल्या कागदावर त्यांचा सहसा विश्वास बसत नसे.

"छप्पन साली माझ्या बापाने देव्हारा डोक्यावर घेऊन नदीत सोडला," ते म्हणाले. "पंधरा वर्षांचा होतो मी. आये रडत होती. बाप म्हणाला, रडू नको, आता आपण कुणाच्या नारळाला विचारून जगायचं नाय."

महेंद्रने कागद परत घेऊन त्याची घडी घातली.

"कायम हाय ना पण?"

"हो, बाबा."

"मग नीट ठेव. फक्त बाबासाहेबांच्या फोटोखाली नको ठेवू. तिथं माझे पेन्शनचे कागद असतात."

पौर्णिमाने पोरीचं नाव शेणव्याच्याच शाळेत ठेवलं. तिने ऑर्डर वाचली नाही. 'कायम' हा शब्द कुठे आहे तेवढं विचारलं आणि त्यावर बोट ठेवून पाहिलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी एक वाजता, रिसॉर्टच्या भटारखान्यामागचा मोठा पाइप फुटला. फुटला म्हणजे भिंतीतून पुरुषभर उंचीचा फवारा बाहेर आला आणि समोरच्या जास्वंदीवर पडायला लागला. पाहुणे जेवण सोडून बघायला आले. एकाने मुलाला त्याच्यापुढे उभं करून फोटो काढला.

महेंद्र पाना घेऊन पोचला तेव्हा शेठ तिथे उभे होते.

"काळूरामला निरोप धाडलाय," शेठ म्हणाले. "डोळखांबला गेलाय बोअर दाखवायला. येईल पाचपर्यंत."

"शेठ, हे दिसतंय की."

"दिसतंय ते पाणी. गळती कुठं हाय ते नारळ सांगणार. मागल्या वेळी काय झालं? पाणी एकीकडं, गळती सात फुटांवर. तूच बोललास ना?"

महेंद्रच बोलला होता. त्याने भिजलेली मान पुसली. "बरं, मग मेन कॉक तरी बंद करतो. टाकी रिकामी होईल."

शेठनी त्याच्याकडे, लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. "कॉक बंद केलास तर पाणी थांबल. मग काळूराम येऊन शोधल काय?"

मग सगळे थांबले. तीनच्या सुमारास वाडीवरच्या दोन बायका हंडे घेऊन फाटकाशी आल्या. दोन वाजता गेलेला टँकर त्यांना चुकला होता, आणि फवाऱ्याच्या पाण्याचा ओहोळ फाटकाखालून वाहत रस्त्याच्या धुळीत जिरत होता. त्यांनी वॉचमन बारकूला विचारलं, "आत काय चाललंय रे?"

"पाणी शोधतायत," बारकू म्हणाला.

त्यांनी हंडे आडवे करून ओहोळाला लावले. चिखलच आला. थोड्या वेळाने त्या गेल्या. महेंद्र हे सगळं कट्ट्यावर बसून बघत होता. कॉक त्याच्यापासून चार पावलांवर होता. खिशात ऑर्डरची झेरॉक्स होती. ती त्याने भिजू नये म्हणून पाकिटात घातली आणि पाकीट शर्टाच्या आत सरकवलं.

साडेपाचला काळूराम आला. गर्दी बघून त्याने चपला काढल्या, नारळ तळहातावर घेतला, डोळे मिटले. महेंद्रच्या जवळून जाताना ओठ न हलवता त्याने विचारलं, "कुठं?"

महेंद्रने फवाऱ्याकडे बघितलं. तेवढ्यात काळूरामने एक डोळा उघडून तो पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. "आयला," तो पुटपुटला. "हा तर दिसतोय रे सगळ्यांना. मला लाजवतोस काय?"

"करा, काका. उभा करा. लवकर करा."

काळूरामने दहा मिनिटं घेतली. कोपऱ्यांत गेला, आचाऱ्याच्या चुलीपाशी गेला, एकदा मान हलवून परत फिरला. शेवटी फवाऱ्याखाली जाऊन उभा राहिला. पाणी नारळावर पडत होतं, त्यामुळे नारळ सरळ उभा करायला त्याला दुसरा हात लावावा लागला. कुणाला ते दिसलं नाही, किंवा सगळ्यांना दिसलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंस?" शेठ महेंद्रला म्हणाले. "जरा शिकून घे त्याच्याकडनं."

"हो, शेठ," महेंद्र म्हणाला आणि कॉक बंद करायला गेला. तोवर टाकी रिकामी होऊन फवारा आपोआप बसला होता. त्याने तरी कॉक पूर्ण आवळला, जितका आवळता येतो तितका, आणि पाना घेऊन भिंतीपाशी येऊन उभा राहिला. काळूरामचा फोटो निघत होता, तो संपेपर्यंत थांबायचं होतं.